डोक्यावर मुकुट, हातात पक्कड

तीर्थरूप आईंना,

जावयाचा वाकून नमस्कार. (निवृत्तीनंतर पाठ पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा जेवढा वाकला तेवढा गोड मानून घ्यावा.) सर्वांत आधी सांगतो, घरातलं कोणीही गेलेलं नाही. एकतीस वर्षांत मी तुम्हाला एकदाही पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर पाहून तुमच्या काळजाचा ठोका चुकला असणार. तो चुकवल्याबद्दल प्रथम क्षमा मागतो. तुमचा गुडघा कसा आहे? ऐकायचं यंत्र कानात असतं की अजून कपाटाच्या खणातच? (धाकटा मेहुणा सांगत होता की त्याची बायको बोलायला लागली की तुम्ही ते यंत्र काढून पुसायला घेता. मी हे कुणाला सांगितलेलं नाही.) यंत्र खणात असेल तर उत्तमच, पत्र वाचायला कान लागत नाहीत. फोनवर मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा तुम्ही विचारलंत, "काय? बस कुठे पडली?" बस पडली नाही, आई. तुमची लेक पडली.

घाबरू नका. ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची आहे, आणि ती आता चालते, बोलते, माझ्यावर ओरडते, म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे. तिने तुम्हाला "हात जरा मुरगळलाय" एवढंच कळवलं होतं. खरी गोष्ट अशी की उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आणि ते माझ्यामुळे मोडलं. त्या मंगळवारी तिने मला सांगितलं की फुलांसाठी पाण्याची बादली भरून गार जागी ठेवा. आता काम सांगितलं की नीट करायचं ही माझी बस डेपोतली सवय. मी घरभर जमिनीला हात लावत फिरलो आणि मला असा शोध लागला की आमच्या घरातली सर्वांत गार जागा म्हणजे जिन्याची शेवटची पायरी. (हे खरं आहे. तुम्ही आलात की हात लावून पाहा.) ही वरच्या खोलीतून फुलांची पेटी घेऊन उतरली. पेटी छातीशी, त्यामुळे पाय दिसेनात. एक पाय बादलीत गेला, दुसरा कुठे गेला ते तिला अजून आठवत नाही. पण तुमची लेक ती तुमचीच. पडता पडता तिने डाव्या हाताने पेटी वरच्या वर धरली. एका फुलाची एक पाकळी हलली नाही. सगळा भार उजव्या हाताने घेतला. मी धावत गेलो तेव्हा ती पाण्यात बसलेली, आणि पहिलं वाक्य काय, तर "आधी हे धरा, शनिवारचे गुलाब आहेत."

शनिवार म्हणजे लग्न. लग्न आमच्याकडचं नव्हतं, पण हिने फुलांचा मुकुट करून द्यायचं कबूल केलेलं. नवरी पोहायला शिकवते. तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभी राहणारी, खणखणीत आवाजाची पोरगी. ती मुकुट ठरवायला आली तेव्हा म्हणाली होती की काकू, मी आयुष्यभर डोक्यावर रबराची टोपी घातली, एक दिवस तरी फुलं हवीत, आणि तीही खरी, कापडाची नकोत. तिचा एक मुकुट आणि तिच्या दोन करवल्यांची फुलांची दोन छोटी कडी, एवढं काम. हिच्या हिशेबाने एका दुपारचं. हॉस्पिटलमधून कोपरापर्यंत प्लास्टर घालून आलो तेव्हा ही स्वयंपाकघरात डाव्या हातात फोन घेऊन बसली. नाही म्हणून कळवायचं होतं. मुकुट करायला लागल्यापासून बावीस वर्षांत हिने कुणाला नाही म्हटलेलं नाही. तुमच्या नातवाला गोवर झाला होता तेव्हाही एका मांडीवर तो आणि दुसऱ्या मांडीवर फुलं, असं काम केलंय. ती फोनकडे पाहत बसली, मी तिच्याकडे. आणि मग, आई, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हाड मोडलं तेव्हा आलं नव्हतं.

मी म्हणालो, "मी करतो."

ती इतकी हसली, इतकी हसली, की प्लास्टर ओलं आहे, हलवू नका, असं बजावणाऱ्या नर्सने ते पाहिलं असतं तर मला हाकलूनच दिलं असतं. पण हसली हे महत्त्वाचं.

आता मी असं का म्हणालो ते सांगतो. डेपोतून निवृत्त होऊन मला सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत मी घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली. आधी बिघडलेल्या, मग बिघडतील अशा वाटणाऱ्या, आणि शेवटी चांगल्या चालणाऱ्या. दाराची बिजागरी करकरत नव्हती ती मी तेल घालून करकरायला लावली. शिवणाचं मशीन उघडलं आणि परत बसवलं, तर दोन स्क्रू उरले. (मशीन चालतं. ते दोन स्क्रू बनवणाऱ्यानेच जास्तीचे घातले होते असं माझं मत आहे.) तुमची लेक एक दिवस शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायच्या थांबवा, नाहीतर मी घर सोडते किंवा तुम्ही पुन्हा नोकरीला लागा." सकाळी जाग यायची ती पहिल्या गाडीच्या वेळेलाच, आणि मग दिवसभर करायला काही नसायचं. असा रिकामा माणूस कशालाही "मी करतो" म्हणतो.

पहिलं काम मी मनापासून केलं. तिने हाड देऊन वाचवलेली फुलं मी फ्रिजमध्ये ठेवली. (तिथे काय काय होतं ते सगळं बाहेर काढून. दूध नासलं, पण ते नंतर.) फुलांना गारवा लागतो एवढं मला माहीत होतं, म्हणून गारव्याची कमी नको, या विचाराने मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. सकाळी दार उघडलं तर गुलाब काचेचे झालेले. दिसायला फार सुंदर, आई, पण हातात घेतल्यावर मोडायचे, आणि अर्ध्या तासात वितळून उकडलेल्या कांद्यासारखे दिसायला लागले. मी पेटी घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. एकतीस वर्षांच्या संसारात मला जेवढं बोलून घ्यायचं राहिलं होतं तेवढं सगळं आज मिळणार अशी तयारी ठेवली. तिने पेटीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "चला, तुम्हाला शिकायला काहीतरी झालं." डॉक्टर होणारी मुलं जशी आधी मेलेल्या माणसांवर शिकतात, तसा मी मेलेल्या गुलाबांवर शिकलो.

शिकवणी दोन दिवस चालली. तिने खुर्ची खिडकीशी घेतली, प्लास्टर उशीवर ठेवलं, आणि तोंडाने काम सुरू केलं. आधी देठ कापायचा, बोटभर ठेवायचा, त्याला बारीक तार टोचायची, देठाला गुंडाळायची, वरून हिरवी चिकटपट्टी ताणून लपेटायची. ताणली की ती चिकटते, नाही ताणली तर नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. मी पहिले चाळीस गुलाब मुंडी पिरगाळून मारले. माझ्या बोटांना जोर देण्याची सवय, गंजलेले बोल्ट सोडवलेत त्यांनी, फुलाला जोर नको असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ही म्हणाली, "पान्यासारखं धरू नका हो. गरम चहाच्या कपासारखं धरा. पडूही नये आणि पोळूही नये." आई, त्या एका वाक्याने जमलं. डेपोत मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, मला असं एक वाक्य कधी सुचलं नाही. मी फक्त ओरडत होतो.

इथे एक कबुलीजबाब देतो. मुकुटाचं माप बसवायला तुम्ही लग्नात हिला डोक्याच्या आकाराचा शिसवी ठोकळा दिला होता. तो हरवला असं तुम्हाला सांगण्यात आलं. तो हरवला नाही. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी मी तो डेपोत नेला. उतारावर उभी बस घसरू नये म्हणून चाकाखाली ठोकायला इतकी चांगली उटी दुसऱ्या कशाचीच बसत नव्हती. (एकदाही बस घसरली नाही. लाकूड अव्वल होतं. तुमच्या निवडीला मानलं पाहिजे.) तेव्हा आता माप घ्यायला डोकं नव्हतं. नवरीच्या डोक्याचं माप वहीत लिहिलेलं, छप्पन्न सेंटिमीटर. हिने टेप माझ्या टकलाभोवती फिरवायला लावली. छप्पन्न. नेमकं. ही म्हणाली, बघा, देवाने तुमचे केस उगाच नाही नेले.

म्हणून मी दिवसभर मुकुट डोक्यावर घालून वावरू लागलो. घातला, आरशात पाहिला, काढला, दोन पानं वाढवली, पुन्हा घातला. पहिला सांगाडा मी क्लचच्या तारेचा केला होता. मजबुतीचा प्रश्नच नव्हता, त्यावर मी स्वतः उभा राहून पाहिलं. हिने तो डाव्या हातात तोलला आणि विचारलं की नवरीला लग्न लावून घरी न्यायचं आहे की ओढून न्यायचं आहे. मग तिची नेहमीची बारीक तार घेतली. तर असा मी दुसरा मुकुट घालून बसलेलो असताना दार वाजलं. वीज मोजायला येणारा माणूस असेल म्हणून तसाच उठलो. दारात भोंगा.

भोंगा म्हणजे आमचा डेपोचा फोरमन. त्याचा आवाज असा की तो पहिल्या फलाटावर शिंकला तर सातव्या फलाटावरची गाडी सुटायची. तो हिच्या हाताची चौकशी करायला आला होता. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. गुलाब, शेवंती, मागे हिरवा पाला. मी त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत भोंग्याचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. उद्या सगळ्या डेपोत ही बातमी जाणार आणि मेल्यावरसुद्धा लोक याच मुकुटाची आठवण काढत मला खांदा देणार, हे मी मनाशी पक्कं केलं. तो आत आला, खुर्चीवर बसला, पुन्हा पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "डावीकडे जरा कललाय."

कललाच होता. पाल्याचं वजन एका बाजूला जास्त झालं होतं. भोंग्याने चाकाचं संतुलन करतात तसं तर्जनीवर ठेवून ते दाखवलं, आणि मग तो संध्याकाळपर्यंत बसून तारा कापून देत राहिला. जाताना म्हणाला, शनिवारी गाडी मी चालवतो, तू पेटी धर. मी त्याला इतकी वर्षं नुसता मोठ्या आवाजाचा माणूस समजत होतो. कोणाला काय समजावं आणि किती वर्षं, याचा काही नेम नाही.

आता ताजी फुलं हवी होती. शुक्रवारी पहाटे मी फुलबाजारात गेलो. हिची नेहमीची फुलवाली कोपऱ्यात बसते, अंगावर पुरुषाचा स्वेटर, बोलणं चाकूसारखं. तिच्यापुढे पांढरं एकही फूल उरलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या गावाने पांढरंच मागितलं होतं. मी फ्रिजची हकीकत सांगितली. (सांगायची नव्हती, पण तिने विचारलं की ताईंची फुलं तर मंगळवारीच गेली, ती काय खाल्लीत?) ती मला मनात येईल ते बोलली. मी ऐकून घेतलं. मग ती उठली आणि मागच्या पोत्याखालून ओल्या फडक्यात बांधलेला जुडगा काढला. स्वतःच्या भाचीसाठी बाजूला ठेवलेले पांढरे गुलाब. म्हणाली, "भाचीला गुलाबी देईन, तिला कळत नाही. ताईंना सांगा, हात मोडला म्हणून देत नाहीये. बावीस वर्षं माझ्याकडून घेतायत, एकदाही माझ्या फुलाला नाव ठेवलं नाही, म्हणून देतेय." मी जुडगा गरम चहाच्या कपासारखा धरून बाजाराबाहेर आलो. बावीस वर्षं ही पहाटे उठून इथे येत होती आणि मी कूस बदलून झोपत होतो. ती कुठे जाते हे मला ठाऊक होतं, पण तिथे तिचं नाव असं आहे हे ठाऊक नव्हतं.

मुकुट शुक्रवारी दुपारी पुरा झाला. आणि इथे मी ती चूक केली. हिने निक्षून सांगितलं होतं की मागची बाजू उघडी ठेवायची. दोन्ही टोकांना तारेचे दोन फासे करायचे, त्यांतून रिबीन ओवायची, आणि ती रिबीन लग्नाच्या जागी, डोक्यावर ठेवूनच बांधायची. पण आई, मी मेकॅनिक. उघडा जोड दिसला की माझा हात आपोआप पक्कडीकडे जातो. उघड्या जोडामुळे काय काय होतं ते मी घाटात पाहिलंय. गोळी घेऊन हिला दुपारी डोळा लागला तेव्हा मी पक्कड घेतली, दोन्ही टोकं जुळवली, सात वेढे दिले, वर चिकटपट्टी, वर पाला. डोक्यावर घातला, झकास बसला. ही उठल्यावर मी म्हणालो, झालं. तिने लांबून पाहिलं, म्हणाली, छान. मला वाटलं मी तुम्हा मायलेकींच्या कलेत सुधारणा केली.

शनिवारी भोंग्याने आम्हा दोघांना घेऊन गाडी अशी चालवली की मागून सायकली पुढे गेल्या. नवरीच्या खोलीत पोचलो तर ती आरशासमोर बसलेली, आणि केस बांधणाऱ्या बाईंनी तिच्या डोक्यावर केसांचं असं काही बांधकाम केलेलं की मला मजलेच मोजावेसे वाटले. मी पेटी उघडली. खोलीत "अय्या" झालं. करवल्यांची कडी बसली. मग मी मुकुट उचलला, नवरीच्या डोक्यावर ठेवला, आणि तो पातेल्यावर ताटली ठेवावी तसा वरच राहिला. खाली येईना. माझं टक्कल छप्पन्न, आणि तिचे केस धरून चौसष्ट तरी असतील. बाहेर माणसं जमलेली. केसवाल्या बाई म्हणाल्या, आता हे सोडणं शक्य नाही, तीन तास लागलेत. नवरी आरशातून माझ्याकडे पाहत होती. त्या खणखणीत आवाजाच्या पोरीने अगदी बारीक आवाजात विचारलं, "मग नाहीच का घालता येणार?"

मी हिच्याकडे वळलो. म्हणालो, मागचा जोड मी बंद केलाय. तू झोपली होतीस. सात वेढे दिलेत.

ती ओरडेल म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणाली, "पक्कड आणलीत ना? कापा."

उतारावर उभ्या बसखाली झोपून मी गिअरबॉक्स उतरवलेत, आई, माझा हात कधी हलला नाही. त्या दिवशी मी डोळे मिटून पक्कड दाबली. तार कट्कन तुटली आणि मुकुट ताणलेल्या स्प्रिंगसारखा उघडला. तीन गुलाब उडाले, त्यांतला एक केसवाल्या बाईंच्या पावडरच्या डब्यात पडला. ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि हळूहळू सांगू लागली. टोक वाकवा. फासा करा. आता दुसरं. ते रिकामं झालंय तिथे पाला सरकवा. अहो, श्वास घ्या. मी श्वास घेतला. मुकुट पुन्हा नवरीच्या डोक्याला लावला, तो केसांच्या खालून व्यवस्थित बसला, पण माझा डावा हात त्याला धरण्यात गुंतला. सोडला असता तर सगळं खाली आलं असतं. आणि गाठ मारायला दोन हात लागतात. माझ्याकडे एक उरला होता, तिच्याकडे एकच होता. तिने रिबिनीचं एक टोक तिच्या डाव्या हातात घेतलं, दुसरं माझ्या उजव्या हातात दिलं, आणि म्हणाली, "मी खालून घेते, तुम्ही वरून या." दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली, वर मी एक पिनही खोचली.

नवरी हे सगळं आरशात पाहत होती. तिने विचारलं, "काकू, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" ही म्हणाली, एकतीस. "आणि गाठ आत्ता मारताय?" असं म्हणून ती हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाश्रू होते. मुकुट शेवटपर्यंत हलला नाही. ती नाचली, वाकली, दोन म्हाताऱ्यांना मिठ्या मारल्या, त्यांतल्या एकीच्या चष्म्यात पाला अडकला, तरी हलला नाही. भोंगा दाराशी उभा राहून प्रत्येक पाहुण्याला सांगत होता की मागचा जोड आमच्या माणसाने केलाय. हळू आवाजात सांगत होता, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जात होतं.

परत येताना गाडीत आम्ही दोघं मागे बसलो होतो. माझ्या बाहीला हिरव्या चिकटपट्टीचे तुकडे लागले होते. गेली बावीस वर्षं ते तुकडे माझ्या ताटाजवळ, उशीवर, एकदा तर दाढीच्या ब्रशवर सापडायचे आणि मी दर वेळी "हे काय आता?" म्हणायचो. हिने डाव्या हाताने माझ्या बाहीवरचा एकेक तुकडा काढला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. आई, मला वाटतं, माझी निवृत्ती त्या गाडीत संपली.

त्यानंतर आम्ही नऊ लग्नं केली. (लग्नं लोकांनी केली, आम्ही मुकुट केले.) ही खिडकीशी बसून सांगते, मी करतो. आता फुलं मरत नाहीत. पहाटे बाजारात मी जातो, फुलवाली मला "फ्रिजवाले" म्हणते, पण चांगला जुडगा ठेवते. प्लास्टर तीन आठवड्यांपूर्वी कापलं. डॉक्टरांनी हिला अजून दोन महिने सुईसुद्धा उचलायची नाही असं बजावलंय. (मी आत नव्हतो. स्कूटर कुठे लावायची यावर बाहेर पहारेकऱ्याशी माझी चर्चा चालू होती. पण हिने येऊन सगळं नीट सांगितलं.) तेव्हा स्वयंपाकही मीच करतो, आणि ही मुकाट्याने खाते.

हे सगळं लिहायचं कारण एकच, तुमचे आभार मानायचे राहिले होते. लग्नाची बोलणी झाली तेव्हा तुम्ही माझे हात पाहून म्हणाला होतात की मुलगा चांगला आहे पण नखांत काळं आहे. आता नखांत हिरवं असतं. जे तुम्ही हिला लहानपणी मांडीवर बसवून शिकवलंत ते आता तिने मला शिकवलं, आणि त्यामुळे माझी सकाळ पुन्हा कुठल्यातरी वेळेला सुटते. तुम्ही मला मुलगी दिलीत तेव्हा मी नमस्कार केला होता, पण काय दिलंय ते तेव्हा कळलं नव्हतं. उशीर झाला. आमच्या डेपोत उशिरा आलेल्या गाडीचीसुद्धा नोंद करतात, तशी तुम्ही माझ्या या नमस्काराची करावी. गुडघ्याला जपा.

तुमचा,
थोरला जावई

ता. क. शिसवी ठोकळ्याचं तुमच्या लेकीला अजून माहीत नाही. ती तो हरवल्याचा दोष मोलकरणीला देते. कृपया तसंच राहू द्यावं. मोलकरीण सोडून गेल्याला अठ्ठावीस वर्षं झाली.

ता. क. दुसरा. आता मूळ गोष्ट लिहितो, वर धीर झाला नाही. महिन्या-दीड महिन्यात हिचा हात पूर्ण बरा होईल. मग ही पुन्हा सगळं स्वतः करणार, एका दुपारी तीन मुकुट, मला दोन दिवस लागतात. ती मला म्हणणार, आता तुम्ही विश्रांती घ्या. आई, मला विश्रांती नको. मी स्वतः कसं म्हणू, हात मोडलेला बरा होता असं दिसेल. तुम्ही तिला तुमच्या बाजूने लिहा की जावयाला खोलीतून काढू नकोस. तार गुंडाळायचं तरी काम असू दे. तुमचा शब्द ती मोडत नाही.

ता. क. तिसरा. पत्र पेटीत टाकायला हिच्याकडेच देतो आहे, पण पाकीट मी स्वतः चिकटवलं आहे, वरून हिरवी चिकटपट्टीही लावली आहे, ताणून. तेव्हा काळजी नसावी.

आई, पाकीट वाफेवर कसं उघडायचं ते मी तुझ्याकडूनच शिकले. घाईत लिहितेय, हे खाली नवव्या गुलाबाशी बोलतायत. दोन गोष्टी दुरुस्त कर. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं ते पिन टोचली म्हणून, आणि ती यांनीच टोचली. दुसरं म्हणजे, ठोकळ्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, भोंग्याच्या बायकोने सांगितलं.

आणि हे अक्षर पाहिलंस ना? उजव्या हाताचं आहे. डॉक्टर म्हणाले, हाड झकास जुळलंय, आता हाताला भरपूर काम द्या. मी बाहेर आले तेव्हा हे उन्हात स्कूटरजवळ उभे राहून खिशातल्या तारेचा फासा करून बघत होते. मी "आता मीच करेन" म्हणायला तोंड उघडलं आणि "अजून दोन महिने सुईसुद्धा नको म्हणाले" असं भलतंच बाहेर आलं. हात बरा असूनही यांचा स्वयंपाक तीन आठवडे गिळतेय, यावरून काय ते समज. ते दोन महिने संपल्यावर काय सांगायचं ते कळत नव्हतं, पण यांनी तुला लिहून माझं काम सोपं केलं. तू यांना उत्तर लिही की तू मला खूप समजावलंस आणि मी फार आढेवेढे घेतले, पण शेवटी हो म्हणाले. आढेवेढे नक्की लिही, नाहीतर यांना खरं वाटायचं नाही.